तांडेलाचा वॉटरप्रूफ कॅमेरा

दुकानात बसले तितक्या वर्षांत मी कॅमेरे बरेच विकले, पण ज्याच्या मागे मांजरं लागली असा एकच. तो मी विकलेला पहिला कॅमेरा. विकताना मी गिऱ्हाइकाला छातीठोक सांगितलं होतं, की हा पाण्याला भीत नाही.

या अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आलेल्या बाई मला ‘पहिल्या महिला छायाचित्रकार’ म्हणाल्या. मी पहिली होते की नाही ठाऊक नाही, पण छायाचित्रकार मुळीच नव्हते. फोटो काढायचे ते आमचे सासरे, म्हणजे मामंजी, आणि आमचे हे. मी फोटो धुवायची. कपडे, भांडी, तांदूळ धुणाऱ्या बाईने फोटोही धुतले तर घरात कोणाला काही वाटत नसे. मालवणच्या बाजारात आमचा स्टुडिओ होता. पुढे काउंटर आणि काचेचं कपाट, मधे फोटो काढायची खोली, मागे माझी अंधारखोली. मी फोंडाघाटची, मॅट्रिक झालेली, आणि लग्न होईतो समुद्र न पाहिलेली. मॅट्रिक झाल्याचं मी तेव्हा दिवसातून एकदा तरी कोणाला सांगायची. कोणी विचारलं नाही तर स्वतःहून.

मला हवी होती ती काउंटरमागची खुर्ची. घरात सासूबाई आणि दोन जावा मिळून तीन बायका चुलीभोवती, त्यात मी चौथी. अंधारखोलीत तर दिवस की रात्र तेही कळत नसे. खुर्चीवरून अख्खा बाजार दिसायचा. कोण कोणाशी बोलतं, कोण कोणाला बघून रस्ता बदलतं, सगळं. मी मामंजींच्या मागे लागले. ते वर्षभर ‘बघूया’ म्हणाले. मग एकदा, साठ सालाच्या आगेमागे, तुळशीची लग्नं होऊन माणसांची सुरू झाली तेव्हा हे गावोगाव लग्नांचे फोटो काढत फिरत होते, आणि मामंजींना कागद नि औषधं आणायला कोल्हापूरला जाणं भाग होतं. दुकान बंद ठेवण्यापेक्षा सून बरी, असा त्यांनी हिशेब केला असणार.

“आठ दिवस,” ते म्हणाले. “मी येयसर एकाय गिरायकाची तक्रार इली नाय, तर खुर्ची तुझी. इली, तर घर बरा.”

मामंजींची एक खूण आम्हा सगळ्यांना पाठ होती. ते खुशीत असले की मालवणी बोलत आणि रागावले की शुद्ध. त्या दिवशी मालवणी होते, म्हणून मी निर्धास्त राहिले.

दुसऱ्याच दिवशी गंगाराम तांडेल आला. तांडेल म्हणजे रापणीच्या होडीचा म्होरक्या. रापण हे भलंमोठं जाळं. एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी उरलेलं जाळं सोडत समुद्रातून अर्धा फेरा मारून परत किनाऱ्याला लागते, आणि मग पन्नास-साठ माणसं दोन्ही टोकं ओढतात. काळाकभिन्न, रुंद माणूस. दुकानात शिरताना त्याने पाय झाडले तरी वाळू पडलीच.

“तात्या नाय?”

“मामंजी कोल्हापूरला गेलेत. काय हवंय, मला सांगा.” गिऱ्हाइकाशी पुस्तकी बोलायचं हे मी ठरवून टाकलं होतं.

“वैनीनू, माका एक कॅमेरो व्हयो. पाण्यात पडलो तरी मरूक नये असो. माझ्या भावान मुंबयसून घड्याळ हाडल्यान, तेच्यार लिवलेला आसा, वाटरप्रूफ. तसो कॅमेरो.”

आता खरं उत्तर असं होतं, की तसा कॅमेरा आमच्याकडे नाही, आणि कोल्हापुरातही मिळणार नाही. कुठे परदेशात निघाला असला तर तो आपल्यापर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं होती. पण ‘नाही’ म्हटलं तर गिऱ्हाईक जाणार, आणि पहिलंच गिऱ्हाईक परत गेलं हे मामंजींच्या कानावर जाणार. शिवाय मी मॅट्रिक.

मी कपाटातले तीन कॅमेरे काउंटरवर मांडले आणि भाषण सुरू केलं. ते भाषण आठवलं की आजही मी एकटी असले तरी तोंडाला पदर लावते. पहिला घडीचा कॅमेरा. उघडला की पेटीच्या भात्यासारखा चामड्याचा भाता पुढे येतो. तो मी ठामपणे बाजूला सारला, कारण भात्याला घड्या आणि घडीत पाणी. इथपर्यंत बरोबर होतं. दुसरा दोन भिंगांचा, वरून खाली बघायचा. तो मी ‘होडीत मान खाली घालून कसं चालेल’ म्हणून नाकारला. तेही ठीक. तिसरा लाकडी डबा, वरून चामडं चढवलेलं. त्यावर किमतीची चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी का नाही, हा विचार डोक्यात यायला माणूस मॅट्रिकच्याही पुढे शिकलेला लागतो.

“हा घ्या,” मी म्हटलं. “लाकूड आहे, म्हणजे पडला तर तरंगेल. होडीही लाकडाचीच असते ना?”

तांडेलाला हे पटलं. पटलं कसलं, त्याने ते माझ्या पुढे नेलं. डबा उलटसुलट करून त्याने सांध्यांवरून अंगठा फिरवला.

“हंयसून पाणी घेतलो.”

“घेईल का?”

“होडीय घेता, नवी असली काय. मगे आमी ती दोन दिवस पाण्यात बुडवन ठेवतंव. लाकूड फुगता आणि फटी आपसूक बुजतत. ह्येका तसाच करूया?”

इथे मी थांबवायला हवं होतं. उलट मी मान डोलावली आणि म्हटलं, “शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर आहे.”

“आणि वयसून तारल्याचा तेल लावतंय. होडयेक लावतंव ता.”

“अवश्य लावा,” मी म्हटलं, आणि अंदाजाने एक किंमत सांगून डबा त्याच्या हातात दिला.

तीन दिवसांनी सकाळी दुकान उघडते तर तांडेल पायरीवर बसलेला, मांडीवर डबा, आणि समोर पाच मांजरं ओळीने. तारली माशाचं तेल ज्याने हुंगलं नसेल त्याला मी काय सांगू. उन्हाळ्यात उलटलेल्या होडीजवळून जाताना लोक पदर किंवा पंचा नाकाला लावतात, तोच वास.

“बुजलो, वैनीनू,” तांडेल म्हणाला. “सगळो बुजलो.”

खरंच सगळा बुजला होता. मागचं झाकण इतकं गच्च बसलं होतं की दोघांनी मिळून ओढलं तरी हललं नाही. चामडं सुटून कोबीच्या पानासारखं उलटलं होतं. बटण दाबलं तर आतला पडदा जागचा हलेना. म्हणजे तो कॅमेरा पाण्यालाच नव्हे तर उजेडालाही पक्का बंद झाला होता. तसा आम्ही दोघांनी मिळून जगातला पहिला पुरा वॉटरप्रूफ कॅमेरा केला होता. त्यातून फोटो तेवढा निघत नव्हता.

“पण तुमी सांगलास,” तो म्हणाला. चिडून नव्हे. नवल वाटून.

ही तक्रार झाली की नाही, याचा मी मनातल्या मनात कीस काढू लागले. तो बोलला हलकेच, त्याने काही परत मागितलं नाही, आवाज चढवला नाही. पण मामंजी चार दिवसांनी येणार, आणि हा माणूस बाजारात बसून हेच नवल सगळ्यांना सांगणार. मी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं आणि आधी विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं.

“तुम्हाला कॅमेरा कशाला हवा?”

तो जरा लाजला. एवढा थोरला माणूस, पण पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

“माझ्या आवशीक. म्हणजे आवशीक दाखवूक. ती म्हणता, लगीन होवन हंय इलंय ती रेवेर उभी रवान तुमची वाट बघतंय. आदी तुझ्या बापाशीची, मगे तुझी. तुमका थंयसून काय दिसता ता माका कोणी दाखवक नाय. बाईमाणसान होडयेत चढाचा नाय मां. रिवाज आसा. मगे दाखवतलंय कसा?”

समुद्रातून किनारा कसा दिसतो, या प्रश्नाने त्यांच्या घरात जोर धरला होता. त्याची आई, भागीरथीआजी, जेवताना तेच विचारी आणि निजताना तेच. तांडेलाला तोंडाने सांगून पाहायचं होतं तेही त्याने केलं होतं. “माड दिसतत, घरां दिसतत, असा सांगलंय. तर म्हणता, ता माका हंयसूनय दिसता.”

मला हसू आलं आणि लगेच बंदही झालं. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला त्याला दीड वर्ष झालं होतं. किनाऱ्यावरून. पलीकडून इकडे बघितलं तर आपण कसे दिसतो, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

आता थोडं धंद्याचं सांगते, कारण त्या चार दिवसांत मी जे शिकले त्यावर पुढे आयुष्यभर दुकान चालवलं. समुद्रकाठी कॅमेरा निवडताना पाण्याचा विचार दुसरा. पहिला विचार हवेचा. पाण्यात पडलेला कॅमेरा एकदाच मरतो, खाऱ्या हवेतला रोज थोडा थोडा मरतो. भिंगावर बुरशी येते, लोखंडी स्क्रू गंजतात, चामड्याच्या भात्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि प्रत्येक फोटोत एक चांदणी उगवते. म्हणून भाता नको, स्क्रू पितळेचे हवेत, चामडं जितकं कमी तितकं बरं. (वालावलचे एक भटजी चामड्याला शिवणार नाहीत म्हणून मी त्यांना कापडी पिशवीतला पत्र्याचा कॅमेरा दिला होता. तो त्यांच्या सोवळ्यामुळे वीस वर्षं टिकला.) आणि ओल्या बोटांना सापडेल असा मोठा खटका हवा. ज्यात करण्यासारखं कमी, त्यात बिघडण्यासारखंही कमी.

हे सगळं ताडून मी दुसऱ्यांदा निवड केली. पत्र्याचा साधा डबा कॅमेरा. कपाटातला सर्वांत स्वस्त, ज्याच्याकडे मी पहिल्यांदा बघितलंही नव्हतं. अंतर जुळवायची भानगड नाही, एक खटका, संपलं. त्याला पाण्यापासून वाचवायला काहीतरी अंगरखा हवा होता, रबराचा आणि बिनशिवणीचा. माझी नजर मामंजींच्या गादीकडे गेली. त्यांची कंबर धरायची, म्हणून ते गरम पाण्याची रबरी पिशवी शेकायला घेत. उशाशीच होती.

मी ती कापली.

बुडाकडून कापली, म्हणजे कॅमेरा आत जाईल. पुढे वाटीच्या मापाचं गोल भोक पाडलं, त्यात फोटोच्या चौकटीची काच गोल करून बसवली आणि सायकलवाल्याकडून आणलेल्या सोल्यूशनने चिकटवली. कापलेलं तोंड दुमडून दोन पट्ट्यांमध्ये स्क्रूने आवळलं. कॅमेऱ्याऐवजी आत वर्तमानपत्र कोंबून फोटो धुवायच्या घंगाळात बुडवलं. कागद भिजला. पुन्हा चिकटवलं. पुन्हा भिजला. तिसऱ्यांदा कोरडा निघाला, तेव्हा मी जाऊबाईंना वाचून दाखवला. पण उन्हात ठेवल्यावर काच आतून धुरकटली. बाहेरचं पाणी अडवलं, पण आत कोंडलेल्या हवेतला ओलावा कुठे जाणार. मॅट्रिकच्या पुस्तकात यावर काही नव्हतं. सासूबाई पापडांच्या डब्यात भाजलेल्या तांदळांची पुरचुंडी ठेवत. मी तशीच एक करून कॅमेऱ्याच्या मागे दाबली. काच स्वच्छ राहिली, आणि कॅमेराही आत हलेनासा झाला.

एकच अडचण उरली. पिशवीतून फिल्म पुढे सरकवता येत नव्हती. आठ फोटोंची गुंडाळी, पण समुद्रावर काढायचा एकच. मग किनाऱ्यावर येऊनच पिशवी उघडायची.

“एकच?” तांडेल म्हणाला.

“एकच. भिंगावर थेट ऊन पडू देऊ नका. कोपरं पोटाला चिकटवा. आणि होडी हलत असताना नको.”

“होडी हलाची थांबता खंय, वैनीनू?” तो म्हणाला. मग स्वतःच विचारात पडला. “लाटेच्या माथ्यार एक घडी थांबता. तेवाच दाबतंय.”

त्या एका वाक्यात माझ्या सगळ्या सूचना झाल्या. मी पुढे बोलले नाही. माझ्या त्या वयातली गप्प राहिल्याची ती एकमेव नोंद असावी.

आठव्या दिवशी सकाळी त्याने फोटो काढला आणि दहाच्या सुमाराला ओली पिशवी आणून काउंटरवर ठेवली. कोरड्या हातांनी मी ती उघडून कॅमेरा बाहेर काढला, तोच दारातून आवाज आला, “ही मांजरं इथे कशासाठी बसली आहेत?”

शुद्ध.

मामंजी सकाळच्या गाडीने आले होते. त्यांनी आधी मांजरं पाहिली. मग उन्हात वाळत ठेवलेला लाकडी डबा. मग काउंटरवरची रबरी पिशवी, तिच्यावर अजून त्यांच्या हाताने लिहिलेली आद्याक्षरं. त्यांनी ती उचलली, काचेतून आरपार बघितलं आणि खाली ठेवली.

“तक्रार आली होती?” त्यांनी मला नव्हे, तांडेलाला विचारलं.

तांडेल खोटं बोलणारा नव्हता. “तक्रार नाय तात्यानू. कॅमेरो बुजलो, इतक्याच सांगलंय.”

मामंजी लाकडी डबा हातात घेऊन खुर्चीवर बसले. झाकण उघडायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. त्या खुर्चीकडे मी बघितलंच नाही. मला वाटलं ती गेली.

तो डबा कोणाचा ते मला पुढे कित्येक महिन्यांनी सासूबाईंनी सांगितलं. स्टुडिओ निघायच्या आधीचा, मामंजींचा पहिला. लग्नानंतर सासूबाईंचा पहिला फोटो त्याच डब्याने काढलेला. विकायचा नव्हताच, म्हणून चिठ्ठी नव्हती. मामंजी त्या दिवशी त्यातलं एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही कधी माफी मागितली नाही. आधी माहीत नव्हतं म्हणून, मग उशीर झाला म्हणून. या सगळ्या गमतीत तेवढी एक गोष्ट मला अजून बोचते.

“एवढी फिल्म धुऊ का?” मी विचारलं. “मग जाते.”

त्यांनी हाताने ‘जा’ अशी खूण केली. अंधारखोलीकडे की घराकडे ते मी विचारलं नाही. अंधारखोलीत शिरले.

फिल्म धुतली. गोड्या पाण्याच्या विहिरीचं पाणी वापरलं, कारण आमच्या विहिरीच्या मचूळ पाण्याने डाग पडत. वाळवायला टांगली आणि शेजारी उभी राहिले. दुपारी कागदावर छापलं. औषधाच्या ताटलीत कागद पांढराच राहिला, राहिला, आणि मग एका बाजूने राखाडी झाला. काच गोल, म्हणून फोटोही गोल. समुद्र डावीकडे कललेला. एका कोपऱ्यात काचेवरच्या थेंबाचा डाग. मधोमध किनारा, मागे माडांची रांग, आणि वाळूवर ओळीने बायका. मोहरीच्या दाण्याएवढ्या.

तांडेल तोवर आईला घेऊन आला होता. भागीरथीआजी वाकलेली, पण आवाज असा की बाजार ओलांडून जावा. रापण लागली की ती किनाऱ्यावरून होडीला हुकूम सोडायची, भायर घ्या, आता वळवा, मेल्यांनो डोळे खंय आसत तुमचे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी ओला फोटो काचेवर ठेवून तिच्यापुढे धरला आणि वर भिंग दिलं. मामंजीही उठून मागे उभे राहिले.

तिने भिंग फोटोवरून सावकाश सरकवत नेलं.

“ह्यो आमचो माड,” ती शेवटी म्हणाली. “वाकडो. आणि ह्या काय मिरयेएवढा?”

“ती तू गो आये,” तांडेल म्हणाला. “कपाळार हात धरून उभी आसस ती.”

तिने भिंग डोळ्याजवळ नेलं, लांब केलं, पुन्हा जवळ नेलं. स्वतःचा हात कपाळावर धरून पाहिला. फोटोतल्या ठिपक्याचाही तसाच होता.

“इतक्या लांब?”

“इतक्याच लांब.”

“मगे मी थंयसून ह्या करा, त्या करा म्हणान बोंबलतंय, ता तुमका ऐकाक येता?”

तांडेलाने माझ्याकडे बघितलं, मग मामंजींकडे. मामंजी फोटोकडेच बघत होते.

“येता गो,” तो म्हणाला. “वारो उलटो असलो तरी येता.”

“खोटारडो,” ती म्हणाली, आणि इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं. मग तिने फोटो पदराने टिपायला घेतला. मी घाईघाईने काढून घेतला, ओला होता. “ह्या कोणी केल्यान?” तिने विचारलं.

“ह्या वैनीन,” तांडेल म्हणाला. “फोटो मी काढलंय. बाकीचा सगळा तिचा.”

आजीने मला खालून वर न्याहाळलं आणि मामंजींना म्हणाली, “सुनेक सांभाळून ठेव रे तात्या.” एवढंच. ती दोघं गेली. जाताना तांडेल पत्र्याचा कॅमेरा आणि रबरी पिशवी दोन्ही काखेत मारून गेला. परत द्यायचं नाव नाही.

दुकानात मी आणि मामंजी. त्यांनी फोटोची दुसरी प्रत हातात घेतली.

“क्षितिज वाकडं आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“पिशवी माझी होती.”

“हो.”

“घरी जा.”

मी चपला घातल्या. पायरीवर एक पाय ठेवला होता, तेव्हा मागून आवाज आला.

“आणि येताना पाट घेवन ये. त्या खुर्चेर तुझे पाय लोंबकळतत. गिरायकाक दिसतत.”

मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मी हसले असते, आणि ते पुन्हा शुद्ध बोलले असते. घरी जाऊन स्वयंपाकघरातला चांगला शिसवी पाट काढला, तो बगलेत धरून निघाले तर सासूबाईंनी अडवलं.

“पाट खंय नेतंस?”

“मामंजींनी मागितलाय,” मी म्हटलं.

कोणाच्या पायांखाली, ते सांगितलं नाही.